लाव्हाच्या दोन थरांमधला काळ

लखनौ गोमतीच्या गाळावर वसलेलं. जवळपास डोंगरही नाही, मग ज्वालामुखी कुठला! तरी आपला सह्याद्री घडवणाऱ्या लाव्हाच्या गोष्टीतलं एक मोठं प्रकरण याच शहरात उलगडलं. ते उलगडणारे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी १९२१ साली लखनौ विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले. सावित्री यांच्याशी त्यांचं लग्न आदल्याच वर्षी झालं होतं. जीवाश्मांच्या शोधातल्या त्यांच्या भ्रमंतीत सावित्रीही बरोबर असत.

दख्खनच्या ज्वालामुखीला शिखर नाही. जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. मात्र उद्रेक सलग झाले नाहीत. एक थर निवल्यावर पुढचा येईपर्यंत मधे बराच काळ जाई. खोलगट जागी तळी साचत, काठाने झाडोरा माजे. पाण्यात विरघळलेली सिलिका फळांत, लाकडांत झिरपे आणि त्यांचा दगड होई. मग वरून पुन्हा लाव्हा पसरे.

साहनींना ओढ होती ती या मधल्या काळाची. छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलान आणि मराठी बोलणारा सौंसरचा परिसर ही त्यांच्या अभ्यासातली महत्त्वाची ठिकाणं. इथला दगड हातात घेतला तर नुसती गार वाटते. त्याची चकती कापून, उजेड आरपार जाईल इतकी पातळ घासली की सूक्ष्मदर्शकाखाली फळाचे कप्पे, बिया, पेशींच्या भिंतीसुद्धा दिसतात. सौंसरच्या दगडांत पाण्यावर तरंगणारं अझोला निघालं. मोहगावात नीपाचं फळ मिळालं. हे खाडीकाठचं झाड सुंदरबनात आज गोलपाता म्हणून ओळखतात. सातपुड्याच्या कुशीत खाडीचं झाड! म्हणजे तेव्हा समुद्राचा फाटा इथवर आलेला असणार.

अशा वनस्पतींच्या आधारे साहनींनी १९३४ मध्ये वाद मांडला, की हा लाव्हा डायनोसॉरांच्या युगातला नसून त्यानंतरचा आहे. पुढे किरणोत्सारी कालमापनाने मुख्य उद्रेकांचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं ठरलं, म्हणजे नेमकी दोन युगांची सीमा. त्यांचं उत्तर पुरतं टिकलं नाही. तरी खडकाचं वय फळाबियांना विचारण्याची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते.

१९४६ मध्ये या दांपत्याने आपला जीवाश्मसंग्रह, ग्रंथ आणि मालमत्ता देऊन लखनौत पुरावनस्पतिशास्त्राची संस्था उभी केली. ३ एप्रिल १९४९ ला नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. तिच्यातच जीवाश्म जडवलेले आहेत. त्यानंतर आठवड्याभरात, १० एप्रिलला, साहनी गेले. इमारत व्हायची होती, पैसा उभा करायचा होता. ती धुरा सावित्रींनी उचलली आणि २ जानेवारी १९५३ ला नेहरूंच्याच हस्ते नव्या वास्तूचं उद्घाटन झालं. चरित्रांत त्यांना ‘पत्नी’ म्हणून एखादी ओळ मिळते, हे मला अन्यायाचं वाटतं. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तोवर त्यांनी सांभाळलेल्या प्रयोगशाळांत अभ्यासकांची पुढची पिढी दख्खनचे दगड कापू लागली होती.