खाजणातला चिखल आणि रोपांचा हिशेब

खाडीकाठच्या तिवरांकडे पाहण्याची मुंबईची दृष्टी बराच काळ एकच होती: ही दलदल आहे, आणि आज ना उद्या तिच्यावर भराव पडावयाचा आहे. ती दृष्टी आता निदान कागदोपत्री तरी बदलली आहे. कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. २०२२ साली ठाण्याच्या खाडीची रामसर पाणथळींच्या यादीत नोंद झाली. सार्वजनिक प्रकल्पासाठीही तिवर तोडावयाचे, तर न्यायालयाची पायरी चढावी लागते. मात्र ही परवानगी ज्या हिशेबाच्या आधारे मागितली जाते, तो हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे. बुलेट ट्रेनच्या मार्गातील सुमारे २० हजार तिवरे तोडण्यास डिसेंबर २०२२ मध्ये अनुमती मिळाली, तेव्हा बदल्यात पाचपट रोपे लावण्याची ग्वाही देण्यात आली होती. एकास पाच हा व्यवहार वरवर पाहता फायद्याचाच वाटतो.

परंतु खाजणाची खरी ठेव झाडांत नसते, ती चिखलात असते. गळालेली पाने, कुजकी मुळे आणि भरतीबरोबर आलेला गाळ तेथे थरावर थर साचत जातो. पाण्याने भिजलेल्या या थरांत प्राणवायू जवळजवळ पोहोचतच नाही. त्यामुळे कुजण्याची क्रिया मंदावते आणि हवेतून झाडांनी ओढून घेतलेला कार्बन शतकानुशतके गाडलेला राहतो. गोड्या पाण्याच्या दलदलीतून मिथेन वायू बराच सुटतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात त्याचे प्रमाण पुष्कळ कमी असते. हिंदी व प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातील २५ खारफुटी वनांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत हेक्टरी सरासरी सुमारे एक हजार टन कार्बन आढळला, आणि त्यातील ४९ ते ९८ टक्के वाटा जमिनीतील होता. भरती अडवून हा चिखल उघडा पडला, की तोच कार्बन वायुरूपाने बाहेर पडू लागतो. शतकांची ही ठेव पाच कोवळ्या रोपांनी भरून निघेल, असे मानणे हा भाबडेपणा झाला.

शिवाय ती रोपे जगतील याची तरी खात्री कोठे आहे? फिलिपिन्समध्ये गेल्या काही दशकांत मोठा खर्च करून लक्षावधी रोपे लावण्यात आली. ती बहुशः समुद्राकडील उघड्या चिखलपट्ट्यांवर, जेथे हे वन मुळात कधी नव्हतेच. तेथील संशोधकांनी २००८ साली मांडलेल्या आढाव्यानुसार दीर्घ मुदतीत टिकलेल्या रोपांचे प्रमाण अवघे १० ते २० टक्के होते. उलट अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात रॉबिन लुइस या शास्त्रज्ञाने प्रथम जमिनीची उंची सुधारली, भरतीच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या आणि बीजे आणण्याचे काम पाण्यावरच सोपविले. वन आपोआप उभे राहिले.

याची साक्ष काढण्यास फ्लोरिडापर्यंत जाण्याचेही कारण नाही. रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागकडील खारभूमीत जेथे जेथे बांधांना खांडी पडल्या आणि उधाणाचे पाणी शेतात शिरले, तेथे तेथे कोणीही न लावता तिवरे माजली आहेत. पर्यावरणाच्या दृष्टीने ही शुभवार्ता खरी. परंतु ज्याचे भाताचे शेत खारे झाले, त्या शेतकऱ्यास ती तशी कशी वाटावी? बांधांची डागडुजी वेळेवर झाली नाही, उघाड्या नादुरुस्त राहिल्या, आणि आता वाढलेले तिवर तोडावयास कायद्याची मनाई! सातबारा त्याच्या नावावर, शेत मात्र समुद्राचे. साऱ्या जगाच्या हवेसाठी त्याने आपली जमीन द्यावयाची असेल, तर तिचे मोल जगाने, निदान शासनाने, चुकविले पाहिजे. अन्यथा रात्री-अपरात्री चालणाऱ्या कुऱ्हाडीस कोणतेही निकालपत्र थांबवू शकणार नाही.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये आरंभिलेल्या ‘मिष्टी’ योजनेत देशभर सुमारे ५४० चौरस किलोमीटर क्षेत्रावर खारफुटीची लागवड व पुनरुज्जीवन योजिले आहे. तिचे यश लावलेल्या रोपांच्या आकड्यांवरून मोजले गेले, तर रोपवाटिकांची भरभराट होईल आणि खाजणे होती तशीच राहतील. भराव, राडारोडा व अरुंद मोऱ्या यांमुळे जेथे भरती कोंडली आहे, तेथे तिची वाट मोकळी करणे, बाधित शेतकऱ्यास न्याय देणे आणि आज शाबूत असलेल्या चिखलास हात न लावणे, हा खरा कार्यक्रम होय. पहिली दोन कामे कष्टाची व खर्चाची आहेत. तिसऱ्यास केवळ संयम लागतो. तोच आजवर सर्वांत दुर्मिळ ठरला आहे.