सर्व्हो ड्राइव्ह : दोष शोधावा कसा, भाग बदलावा कसा



चुडाव्याच्या स्टेशनावरून जाणारा रेल्वेमार्ग पूर्णा, परभणी, सेलू, जालना अशी गावे घेत छत्रपती संभाजीनगरला पोहोचतो. आपल्या भागातली मुले आय.टी.आय. पुरी करून याच वाटेने वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत जातात. मुलगा काय करतो म्हणून विचारले, तर घरची माणसे सांगतात, "सी.एन.सी. मशीनवर आहे." आता हे मशीन म्हणजे काय, ते मध्येच थांबले तर त्याचे दुखणे कसे ओळखतात आणि त्यातला सर्व्हो ड्राइव्ह नावाचा भाग कसा बदलतात, हे आज पाहू.

साधा लेथ तुम्ही पाहिला असेल. लोखंडाचा तुकडा फिरत असतो आणि कारागीर हाताने चाक फिरवून हत्यार पुढेमागे नेतो. काम चांगले होते ते त्याच्या हातामुळे आणि डोळ्यामुळे. सी.एन.सी. मशीनमध्ये हे चाक माणूस फिरवीत नाही. हत्यार किती सरकावे, किती वेगाने सरकावे, हे आकड्यांत लिहून दिलेले असते आणि संगणक ते आकडे वाचून हुकूम सोडतो. आकड्यांनी चालणारे असे पहिले यंत्र अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेने १९५२ साली लोकांना दाखविले. आपला सुतार सूत मोजतो. हे यंत्र मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे मायक्रॉन मोजते.

पण नुसता हुकूम सोडून भागत नाही, तो पाळणारा कोणी पाहिजे. लॅटिन भाषेत 'सर्व्हस' म्हणजे सेवक. त्यावरूनच 'सर्व्हो' हा शब्द आला. या सेवकाचे काम समजायला जुने ऑइल इंजिन आठवा. पिठाच्या गिरणीत दाणे जास्त पडले की इंजिन दमते, त्याचा वेग उतरतो. लगेच गव्हर्नर तेल वाढवितो आणि वेग पुन्हा जाग्यावर येतो. काय व्हायला हवे आणि काय होत आहे, यातला फरक पाहून दुरुस्ती करणे, हेच गव्हर्नरचे काम. सर्व्होतही तेच तत्त्व आहे. मोटारीच्या मागे एन्कोडर नावाचे एक साधन बसविलेले असते. मोटार नेमकी किती फिरली हे ते क्षणाक्षणाला कळविते. तो निरोप घेऊन मोटारीला कमीजास्त वीज पुरविणारी इलेक्ट्रॉनिक पेटी म्हणजे सर्व्हो ड्राइव्ह. एन्कोडर हा डोळा, मोटार हा हात आणि ड्राइव्ह ही त्या हाताला बळ देणारी नाडी, असे समजा.

आता मशीन थांबले. पडद्यावर 'सर्व्हो अलार्म' असे आले, ड्राइव्हवर तांबडा दिवा लागला. पुष्कळ ठिकाणी लगेच निकाल दिला जातो की ड्राइव्ह गेला, नवा आणा. इथेच घात होतो. तांबडा दिवा ड्राइव्हवर लागतो म्हणून दोष ड्राइव्हमध्येच असतो असे नाही. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर वारंवार पडतो, तेव्हा काहीजण त्यात काडी खोचून तो दाबून ठेवतात आणि मग मोटार जळते. स्टार्टर पडत होता तो मोटार अडकली म्हणून किंवा एक फेज गेली म्हणून. तो बिचारा ओरडून सांगत होता, आणि आपण त्याचे तोंड बांधले. ड्राइव्हचेही तसेच आहे. मोटारीच्या वेटोळ्यात शॉर्ट असेल आणि आपण तपासल्यावाचून नवा ड्राइव्ह जोडला, तर तोही जळू शकतो. छोट्या कारखानदाराचे पैसे दोनदा जातात, आणि मशीन बंद राहिल्याने कामाचे दिवस बुडतात ते वेगळेच.

तपासणीआधी जिवाची काळजी घ्यावी. ड्राइव्हमध्ये मोठे कंडेन्सर असतात. ४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा आत डी.सी. झाला की तो सुमारे ५८५ व्होल्ट होतो, आणि मेन स्विच बंद केल्यावरही ही वीज काही वेळ कंडेन्सरमध्ये साठून राहते. म्हणून मेन बंद करा, त्याला कुलूप लावा, चावी स्वतःच्या खिशात ठेवा. पेटीवर जितकी मिनिटे लिहिली असतील तितकी थांबा आणि मग मीटरने व्होल्टेज मोजून खात्री करा. दिवा विझला एवढ्यावर विसंबू नका. दुसरे असे की, उभ्या दिशेने चालणारा भाग मोटारीच्या ब्रेकवर तोललेला असतो. काम सुरू करण्यापूर्वी त्याच्याखाली भक्कम लाकडी ठोकळा द्या, नाहीतर तो खाली येऊन हात चिरडेल.

यानंतर मशीनला वैद्यासारखे प्रश्न विचारा. अलार्मचा नंबर कोणता? तो लिहून घ्या आणि मशीनच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ पाहा. अलार्म केव्हा येतो? चालू करताच 'करंट जास्त' असा येत असेल, तर मोटार, केबल किंवा ड्राइव्ह यांपैकी कोठेतरी शॉर्ट असण्याचा संभव असतो. वेग कमी करताना 'व्होल्टेज जास्त' असा येत असेल, तर थांबताना मोटार उलट परत पाठविते ती वीज जिरविणारा रेझिस्टर तपासा. दोन तास चालल्यावर येत असेल, तर पंखा बंद आहे का, पेटीत तेलकट धूळ साचली आहे का, ते बघा. 'लोड जास्त' म्हणून येत असेल, तर सरकपट्टीला तेल पोहोचते का, लोखंडाचा कीस अडकला आहे का, ब्रेक सुटतो का, हे पाहा. आणि अलार्म एन्कोडरचा असेल तर आधी त्याची केबल व जोडणी पाहा. मशीनवर सतत वाहणारे कूलंटचे पाणी जोडणीत शिरणे, हे नेहमीचे कारण आहे.

पुरवठ्याच्या तिन्ही फेज मोजायला विसरू नका. मग मोटारीच्या तीन तारा ड्राइव्हपासून सोडवा. तिन्ही जोड्यांचा रोध सारखा आला पाहिजे. त्यानंतर मेगरने तारा आणि मोटारीची बॉडी यांमधला रोध पाहा. १०० मेगओहमच्या वर असला तर ठीक, १ मेगओहमच्या खाली गेला तर ती मोटार जोडू नये. मेगर मात्र फक्त मोटारीला लावावा. एन्कोडरला किंवा ड्राइव्हला लावला, तर चांगला भाग आपणच जाळू. मोटार सोडवून ठेवूनही करंटचा तोच अलार्म येत राहिला, तर दोष बहुधा ड्राइव्हचाच आहे. ही चाचणी उभ्या भागावर मात्र जाणकाराशिवाय करू नका. शेजारच्या दिशेचा ड्राइव्ह अगदी त्याच नंबरचा असेल, तर दोघांची अदलाबदल करूनही पाहतात. अलार्म ड्राइव्हबरोबर गेला तर ड्राइव्ह दोषी, जागेवरच राहिला तर मोटार किंवा केबल दोषी. पण मोटार शुद्ध आहे हे ठरल्यावरच ही अदलाबदल करावी.

दोष ड्राइव्हचाच ठरला, तर तो बदलावा. नवा ड्राइव्ह घेताना नाव आणि आकार पाहून भागत नाही, पाटीवरचा संपूर्ण नंबर जुळवावा. मशीनचे पॅरामीटर, म्हणजे आत साठविलेल्या नेमणुकीचे आकडे, आधीच उतरवून ठेवावेत. काही मशीनमध्ये ते कंट्रोलमध्ये असतात, तर काहींत ड्राइव्हमध्येच. ड्राइव्हमध्ये असतील तर जुन्यावरचे नव्यात भरावे लागतात. तारा सोडण्यापूर्वी फोटो काढा आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी लावा. इथे एक फरक ध्यानात ठेवा. पंपाच्या दोन तारा बदलल्या तर पंप उलटा फिरतो, एवढेच. सर्व्हो मोटारीच्या तारांचा क्रम चुकला, तर डोळा एक सांगतो आणि हात दुसरेच करतो. मग मोटार अलार्म देते, नाहीतर एकदम सुसाट पळते. अर्थिंगची तार आठवणीने घट्ट करा.

मशीन पुन्हा सुरू करताना घाई नको. हत्यार कामापासून दूर ठेवा, वेग अगदी कमी ठेवा, एक हात इमर्जन्सी बटणाशी असू द्या. मशीनचा शून्यबिंदू तपासा. लोखंड न लावता कार्यक्रम एकदा हवेत चालवून बघा, लोडचा काटा किती चढतो तो पाहा, आणि मगच खरे काम लावा. काय झाले होते, काय बदलले, कोणत्या तारखेला, हे मशीनच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या पाळीच्या मुलाला त्याचा उपयोग होतो.

शेवटी शिक्षक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात फळ्यावर खडूने एक ठिपका काढा. एका मुलाला डोळे मिटून, दुसऱ्याला डोळे उघडे ठेवून त्यावर बोट ठेवायला सांगा. एन्कोडरचे काम मुलांना लगेच समजेल. मग एक न लागणारी बॅटरी त्यांच्या हाती द्या. सेल, बल्ब, बटण यांपैकी दोष कशात आहे तो त्यांनी शोधावा. अट एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधी आपला अंदाज वहीत लिहायचा. ही सवय ज्या मुलाला शाळेत लागेल, तो उद्या कारखान्यात तांबडा दिवा पाहून गडबडणार नाही.