टोकियोला एक, बर्लिनला तीन!
हॅम रेडिओच्या स्पर्धेत अमळनेरच्या गच्चीला किती भाव?

ऑक्टोबरचा शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार आला की जगभरचे हजारो हॅम, म्हणजे परवाना काढून हौसेनं रेडिओ चालवणारे लोक, कानांवर हेडफोन चढवतात आणि ४८ तास एकमेकांना हाका मारत बसतात. स्पर्धेचं नाव ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’. जास्तीत जास्त संपर्क, जास्तीत जास्त देश, जास्तीत जास्त गुण. ऐकायला वाटतं, ज्याचा आवाज मोठा आणि झोप कमी, तो जिंकला. पण माइकचं बटण दाबायच्या आधीच नकाशा, सूर्य आणि जमीन यांनी बरेचसे गुण वाटून टाकलेले असतात. साने गुरुजींच्या शाळेचं आणि विप्रोच्या जन्माचं गाव अमळनेर. तिथल्या एका गच्चीवर आपण अँटेनाची तार ताणली आहे असं समजू आणि वाटणीत तिच्या पदरात काय पडतं ते पाहू.

अंतर सारखं, भाव वेगळा
अमळनेर ते बर्लिन हवाई अंतर सुमारे ६,२५० किलोमीटर. अमळनेर ते टोकियो सुमारे ६,४५०. मेहनत सारखीच. पण या स्पर्धेत दुसऱ्या खंडाशी बोललात तर ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी बोललात तर १. जपान आशियातच, म्हणून टोकियोचा एक आणि बर्लिनचे तीन. जपानी हॅमची संख्या प्रचंड, सिग्नलही खणखणीत. तरी लॉगमध्ये शंभर जपानी भरले की गुण शंभरच. तेच शंभर जर्मन असते, तर तीनशे!

जळगावला शून्य, अंदमानला एक
स्वतःच्या देशातल्या संपर्काला गुण नाहीत. जळगावच्या मित्राशी तासभर बोला, शून्य. भारत हा देश यादीत प्रत्येक बँडवर, म्हणजे लहरींच्या प्रत्येक पट्ट्यावर, एकदा लागतो, तेवढाच फायदा. मात्र हॅम लोकांच्या देशांच्या यादीत अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप वेगळे ‘देश’ म्हणून धरले जातात. तेव्हा पोर्ट ब्लेअरशी जमलं, तर एक गुण पक्का. तिरंगा तोच, हिशेब वेगळा.

सायप्रसला एवढी गर्दी का?
कारण स्पर्धेच्या नकाशावर सायप्रस आशियात आहे. तिथून बर्लिन जेमतेम अडीच हजार किलोमीटर, आणि प्रत्येक संपर्काला पूर्ण ३ गुण. तीच गंमत मदेइरा आणि कॅनरी बेटांची: कारभार युरोपचा, गणना आफ्रिकेत. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचं अरुबा दक्षिण अमेरिकेत मोडतं आणि समोर अख्खी उत्तर अमेरिका पसरलेली. जिंकायला निघालेले हॅम म्हणूनच विमानाचं तिकीट काढून बेट गाठतात. खंडाच्या रेषेच्या बरोबर पलीकडे तंबू ठोकायचा आणि अलीकडची गर्दी गोळा करायची!

फाइव्ह नाइन, टू टू
प्रत्येक संपर्कात दोन गोष्टी सांगायच्या: समोरचा कसा ऐकू येतो ते आणि आपला विभाग. पहिल्या भागात सगळेच ‘५९’, म्हणजे ‘अगदी झकास’, असं ठोकून देतात, मग कॉलसाइन, म्हणजे समोरच्या स्टेशनचं नाव, चार वेळा विचारावा लागला तरी. दुसरा भाग खरा. जग ४० विभागांत वाटलेलं आहे आणि आपला विभाग २२. त्यात भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव. प्रत्येक बँडवरचा प्रत्येक नवा विभाग एकूण गुणांचा गुणक वाढवतो. त्यात आपल्याकडून स्पर्धेत उतरणारे थोडे. त्यामुळे ‘व्हीयू’नं सुरू होणारी भारतीय हाक ऐकू आली की अमेरिकेतले हॅम तुटून पडतात. शिकार करायला बसावं आणि लोकांनीच आपली शिकार करावी, असा प्रकार.

घंटा पहाटे साडेपाचला
स्पर्धा जागतिक प्रमाणवेळेनुसार शनिवारी शून्य वाजता सुरू होते. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच. अमळनेर देशाच्या प्रमाण रेखावृत्तापासून साडेसात अंश पश्चिमेला असल्यानं इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी अर्धा तास मागे चालतो. ऑक्टोबरअखेरीस तो साडेसहाच्या सुमाराला उगवतो. म्हणजे सुरुवातीलाच तासभर अंधार हातात. ४० आणि ८० मीटरचे बँड रात्रीचे. उजाडलं की वातावरणाचा खालचा ‘डी’ थर जागा होतो आणि त्यांचे सिग्नल गिळायला लागतो. हा पहिला तास चहात घालवला, तर तो पुन्हा थेट रविवारी पहाटे. आणि स्पर्धा संपते सोमवारी पहाटे साडेपाचला. ऑफिस दहाला!

न्यूयॉर्क कुठे? उत्तरेला!
भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते. गोल पृथ्वीवर मात्र अमळनेरहून न्यूयॉर्कचा सर्वांत जवळचा रस्ता उत्तरेपासून फक्त २५ अंश डावीकडे निघतो आणि आर्क्टिक वृत्ताला शिवून साडेबारा हजार किलोमीटरवर उतरतो. सॅन फ्रान्सिस्कोचा तर ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. सूर्य खवळला की ध्रुवाजवळ आकाशात रंग उधळले जातात आणि नेमके तिथूनच जाणारे आपले अमेरिकी सिग्नल थरथरतात, नाही तर गायबच होतात. त्यांची रोषणाई, आपला तोटा.

अकरा वर्षांचा हंगाम
सूर्यावरचे डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्रानं वाढतात-घटतात. डाग जास्त, तर आयनांबर, म्हणजे सिग्नल परत जमिनीकडे वळवणारा वातावरणाचा वरचा थर, दाट. मग २८ मेगाहर्ट्झचा १० मीटर बँड जिवंत होतो आणि थोड्या वॅटमध्ये खंड ओलांडता येतात. सध्याचं २५वं चक्र डिसेंबर २०१९मध्ये सुरू झालं आणि सूर्य त्याच्या शिखरकाळात पोचल्याचं ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालं. २०१९ला याच बँडवर बहुतेक वेळ नुसती खरखर होती. तेव्हा दोन वेगळ्या वर्षांचे गुण शेजारी ठेवून ‘मी सुधारलो’ म्हणणाऱ्यानं आधी सूर्याचे आभार मानावेत.

कुलाब्यानं टिपलेलं वादळ
सौरवादळाच्या इतिहासातलं एक गाजलेलं पान मुंबईत लिहिलं गेलं. २ सप्टेंबर १८५९ला पृथ्वीवर आदळलेल्या वादळात कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्या. आजही त्या वादळाची ताकद मोजायला शास्त्रज्ञ त्याच नोंदी काढतात. पुढे मुंबईची ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, तेव्हा विजेचा उपद्रव नको म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली; १९०४पासून ती तिथे आहे. विजेच्या गोंगाटाला कंटाळून जागा बदलणं ही आपल्याकडे सव्वाशे वर्षांची परंपरा आहे तर!

थुंबा आणि अहमदाबादच्या मध्ये
चुंबकीय विषुववृत्त केरळातल्या थुंब्याजवळून जातं. म्हणूनच तिथे रॉकेट केंद्र झालं आणि २१ नोव्हेंबर १९६३ला पहिलं रॉकेट उडालं. विषुववृत्तावर दिवसा वर उचलला जाणारा विद्युतभारित वायू कारंज्यासारखा दोन्ही बाजूंना उतरतो आणि त्याची दाटी होते अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात. अमळनेर या ढिगाच्या दक्षिण उतारावर. फायदा: दुपारनंतर वरचे बँड इथे चांगले तापतात, संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे राहतात. तोटा: अंधार पडला की याच दाट थरात बुडबुडे उठतात आणि सिग्नल फडफडतो.

मजला चढवा
१४ मेगाहर्ट्झसाठी आडवी तार साडेदहा मीटरवर, म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवर खांब लावून बांधली, तर तिचा मुख्य झोत ३० अंशांवर निघतो. उंची दुप्पट केली, तर साडेचौदा अंशांवर. झोत जितका आडवा, तितकी उडी लांब आणि युरोपपर्यंतच्या उड्या कमी. तार अगदी खाली बांधली तर सिग्नल डोक्यावर उडतो आणि पुण्या-नाशकात पडतो. गप्पांना छान, गुणांना शून्य.

काळ्या मातीचं दान
उभ्या अँटेनाला जमीनही लागते. ओलावा धरणारी चिकण काळी माती मुरमाड किंवा खडकाळ जमिनीपेक्षा विजेला चांगली वाट देते आणि कमी कोनाचे सिग्नल कमी वाया जातात. कपाशीला मानवते ती जमीन अँटेनालाही मानवते. मे महिन्यात भेगा पडल्या की हा फायदा आटतो. पण मोठी स्पर्धा पावसाळ्यानंतर येते, जमिनीत ओल असतानाच. याहून सरस एकच गोष्ट, खारं पाणी. ते मात्र बोरी नदीला कुठून आणायचं?

लाइट गेली? वा!
एलईडी बल्ब, स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर, खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर: सगळे मिळून खरखरीची भिंत उभी करतात आणि पलीकडचा बारीक आवाज त्यात बुडतो. ऑक्टोबरअखेरीस अनेकदा दिवाळीही असते. घरोघरी माळा, रेडिओत चरचर. मग गावाची लाइट गेली की एरवी कपाळाला हात लावणारा माणूस आनंदानं ओरडतो, कारण हॅमचा सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि बाहेरचा गोंगाट एका क्षणात बसतो. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारताना गोविंद स्वरूप यांच्या चमूनं जागेची जी कारणं पाहिली, त्यांत माणसांनी केलेला रेडिओ गोंगाट कमी असणं हे एक मोठं कारण होतं.

चारशे विरुद्ध पंधराशे
आपल्याकडे जनरल श्रेणीच्या परवान्याला ४०० वॅटची मर्यादा, अमेरिकेत १,५००. जवळजवळ चौपट! पण ऐकणाऱ्याच्या मीटरवर एक घर चढायला ताकद चौपट लागते. म्हणजे एवढ्या वॅटांचा फरक एका घरापेक्षाही कमी. उंच तार आणि शांत जागा याहून जास्त देऊन जातात, तेही बिल न वाढवता.

तोरणमाळची बाल्कनी
व्हीएचएफच्या, म्हणजे अतिउच्च वारंवारतेच्या, लहरी साधारण नजरेच्या रेषेत धावतात. वीस मीटर उंच अँटेनाचं क्षितिज १८ किलोमीटर. पण खान्देशाला सातपुडा आहे: सपाटीपासून साधारण हजार मीटर वर असलेल्या तोरणमाळवरून तेच क्षितिज सव्वाशे किलोमीटरपलीकडे जातं. मधे डोंगर आडवा आला नाही, तर अमळनेर टप्प्यात. हवामान साथ देईल तेव्हा हा नियमही मोडतो. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारला समुद्रावरच्या हवेच्या थरांमुळे हजार मैलांहून दूरचा अरबस्तानचा किनारा दिसला होता.

धुळ्याची चौकट वेगळी
हॅम लोक पृथ्वी दोन अंश रुंद, एक अंश उंच अशा चौकटींत मोजतात. दक्षिण मुंबईचं टोक आणि पुणे एकाच चौकटीत, एमके६८. अमळनेर मात्र एमएल७१ आणि शेजारचं धुळे एमएल७०, कारण २१ अंश अक्षांशाची रेषा मधून जाते. चौकटी गोळा करायच्या स्पर्धेत कुलाब्याहून पुण्याला गेलात तरी नवं काही नाही. अमळनेरहून धुळ्याची एसटी पकडली की नवी चौकट!

पायाखालचं टोक
अमळनेरच्या बरोबर पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे, प्रशांत महासागर. तिथून सर्वांत जवळची वस्ती ईस्टर बेटावर, सुमारे आठशे किलोमीटरवर. अशा टोकाला सगळ्या दिशांचे रस्ते जवळपास सारख्याच लांबीचे, त्यामुळे अँटेना कुठेही वळवली तरी आशा असते. सिग्नलला लागणारा वेळ: सेकंदाचा पंधरावा भाग.

सगळ्यांना एकच शेत
मग खरा खेळाडू ओळखायचा कसा? यासाठी १९९०मध्ये सिएटलला जागतिक रेडिओ संघस्पर्धा सुरू झाली. आता तिच्यात दोघादोघांचे संघ एकाच भागातल्या शेतांत तंबू टाकून बसतात. अँटेना सारख्याच, ताकद १०० वॅट, जागा चिठ्ठी काढून आणि कॉलसाइन ऐनवेळी पाकिटातून, म्हणजे मित्रांनी ओळखून मदत करायलाही वाव नाही. २०१८ची स्पर्धा जर्मनीत विटेनबर्गच्या परिसरात झाली, तर २०२२ची महामारीमुळे लांबून २०२३मध्ये इटलीत बोलोन्याला.

तर अमळनेरचा निकाल
जमेला: दुर्मीळ विभाग, काळी माती, तापणारं आकाश, तीन गुणांचा युरोप दोन उड्यांवर. नावे: एक गुणाचा जपान, ध्रुवावरून जाणारी अमेरिका, माळांची चरचर. गुणपत्रकात सायप्रसशी तुलना करून हिरमुसण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती विभाग २२मधल्या शेजाऱ्यांशी, त्याच ताकदीच्या गटात आणि त्याच वर्षी. तिथे वर चढलात, तर ते श्रेय नकाशाचं नाही, तुमचं. आणि जपान्यांची रांग लागली की हसून ‘फाइव्ह नाइन’ म्हणा, पण एक कान युरोपकडे ठेवा.