चूक झाली, हे सांगणारा उपग्रह

मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीचं पश्चिम टोक वाकोल्याच्या उत्तरेला अगदी लागून आहे. तिथून काही किलोमीटरवर, समुद्राच्या बाजूला, जुहूची धावपट्टी आहे आणि तीही जवळपास त्याच दिशेत आखलेली. या शेजारामुळे दोनदा घोटाळा झाला. 1953 साली बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट विमान सांताक्रूझचा हा मुख्य विमानतळ समजून जुहूला उतरलं. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 विमानानंही तेच केलं. जुहूची आखूड धावपट्टी त्याला पुरली नाही. विमान पुढे घसरत गेलं आणि कायमचं निकामी झालं. माणसं तेवढी वाचली. जुलै 1962 मध्ये मात्र नशिबानंही साथ दिली नाही. मुंबईला येणारं अलिटालियाचं विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि 94 जणांचा जीव गेला. मुंबई प्रत्यक्षात होती त्यापेक्षा जवळ आली आहे, अशा समजुतीत वैमानिकांनी विमान खाली आणलं होतं.

या तिन्ही घटनांत आपण चुकतो आहोत याचा पत्ता कॉकपिटमध्ये वेळेवर लागला नाही. उपग्रहाच्या आधारानं विमान उतरवण्याच्या तंत्राकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवं, कारण अचूक जागा सांगणं हे त्या तंत्राचं निम्मंच काम आहे.

मोठ्या विमानतळांवर आज विमान जिच्या भरवशावर उतरतं ती यंत्रणा जमिनीवर असते. तिला आयएलएस म्हणतात. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला एक अँटेना आणि विमान टेकतं त्या जागेच्या बाजूला दुसरी. दोन्ही अँटेना 90 आणि 150 हर्ट्झचे दोन सूर मिसळलेल्या रेडिओ लहरी सोडतात. दोन्ही सूर सारख्या जोराचे मिळाले की विमान मार्गावर आहे. एक वरचढ झाला की ते एका बाजूला सरकलं आहे. उतरण्याचा हा मार्ग साधारण 3 अंशांचा असतो. म्हणजे टेकायच्या जागेपासून 4 किलोमीटरवर विमान सुमारे 210 मीटर उंचीवर हवं. यंत्रणा भरवशाची आहे, पण धावपट्टीच्या प्रत्येक टोकासाठी वेगळी बसवावी लागते, अँटेनांसमोरची जागा मोकळी ठेवावी लागते आणि खास विमान उडवून तिची वेळोवेळी तपासणी करावी लागते. दिवसाला मोजकीच विमानं येणाऱ्या छोट्या विमानतळाला हा खर्च जड जातो.

मग मोबाइलला वाट दाखवणारं जीपीएस विमानाला का चालू नये? जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचे संकेत आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला यावरून अंतर काढलं जातं, आणि वेळेत एका सेकंदाचा अब्जावा भाग चुकला तरी अंतर 30 सेंटिमीटरनं चुकतं. वाटेत आयनांबर लागतं. तिथले विद्युतभारित कण संकेताला उशीर करतात. भारतावरून चुंबकीय विषुववृत्त जातं, त्यामुळे आपल्या डोक्यावरचं आयनांबर युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त चंचल आहे. दुपारी हा फरक दहा-वीस मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि सूर्यास्तानंतर काही वेळा संकेतच लुकलुकू लागतात. रिक्षावाल्याला दहा मीटरनं फरक पडत नाही; ढगातून धावपट्टी शोधणाऱ्या विमानाला उंचीतले दहा मीटर भारी पडतात.

यावरचा भारतीय उपाय म्हणजे इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली 'गगन' यंत्रणा. नागपूर, गोवा, अहमदाबाद अशा 15 ठिकाणी तिची संदर्भ केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्राची जागा आधीच काटेकोर मोजलेली आहे. जीपीएसच्या संकेतांची मोजमापं केंद्र बेंगळुरूला कळवतं. तिथे खऱ्या जागेशी ताळा घालून दुरुस्त्यांचं गणित होतं आणि जीसॅट-8, जीसॅट-10 यांसारख्या भूस्थिर उपग्रहांमार्फत त्या दुरुस्त्या विमानाला मिळतात. आपल्या आयनांबरासाठी इस्रोला वेगळं प्रारूप तयार करावं लागलं.

दुरुस्तीसोबत इशाराही येतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे चूक गेली, तर 'गगन'च्या दर्जाच्या उतरणीत 10 सेकंदांच्या आत वैमानिकाला 'यावर विसंबू नका' असं कळलंच पाहिजे, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. न कळता चूक राहून जाण्याची शक्यता एका कोटी उतरणींमागे दोनपेक्षा जास्त चालत नाही. एप्रिल 2015 मध्ये 'गगन'ला उंचीचंही मार्गदर्शन देण्यासाठी प्रमाणपत्र मिळालं. त्यानुसार वैमानिकाला धावपट्टी दिसण्याआधी सुमारे 75 मीटर उंचीपर्यंत खाली येता येतं. साध्या आयएलएसवर ही मर्यादा 60 मीटर आहे.

एप्रिल 2022 मध्ये इंडिगोचं एटीआर विमान 'गगन'च्या आधारे अजमेरजवळच्या किशनगढला उतरलं. जून 2023 मध्ये पवन हंसचं हेलिकॉप्टर जुहूहून पुण्याला याच आधारानं गेलं. आशियातलं असं हे पहिलंच प्रात्यक्षिक म्हणून सांगितलं गेलं. सह्याद्रीच्या ढगांत नजरेवर उडणं किती धोक्याचं, हे घाट पाहिलेल्याला सांगायला नको.

वाकोला, विलेपार्ले, कुर्ला, घाटकोपरच्या रहिवाशांचा प्रश्न वेगळाच असतो: मग फनेल झोन, म्हणजे विमानाच्या वाटेखालचा इमारतींच्या उंचीवर बंधन असलेला पट्टा, जाईल का? उंचीच्या बंधनापायी जुन्या इमारतींचा पुनर्विकास रखडलेल्यांनी हे विचारणं साहजिक आहे. उत्तर नाही असंच आहे. मार्ग जमिनीवरून आखा की आकाशातून, चुकलेल्या किंवा इंजिन बंद पडलेल्या विमानासाठी त्याखाली मोकळी जागा ठेवावीच लागते. उपग्रहामुळे डोंगर टाळणारी वळणदार वाट आखता येते, पण शेवटचा टप्पा सहसा सरळच राहतो.

अडचणी दोन. एक पैशाची: विमानात खास रिसीव्हर लागतो. 2016च्या विमान वाहतूक धोरणानं 1 जानेवारी 2019 पासून नोंदल्या जाणाऱ्या विमानांना तो सक्तीचा केला होता; विमान कंपन्यांची तयारी नसल्यानं ती तारीख पुढे ढकलावी लागली. दुसरी अडचण जास्त गंभीर. उपग्रहाचा संकेत जमिनीवर येईपर्यंत अतिशय क्षीण होतो आणि जवळून सोडलेला खोटा संकेत त्याला सहज झाकतो. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीला जीपीएसच्या आधारे उतरणाऱ्या काही विमानांना असे खोटे संकेत मिळाल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. ज्या धावपट्ट्यांवर जमिनीवरची यंत्रणा होती, तिथली वाहतूक सुरळीत चालली. विमानाजवळचा हा खोटेपणा नागपूरच्या किंवा गोव्याच्या केंद्राला ऐकूच येत नाही, म्हणून 'गगन'चा इशाराही इथे पुरा पडत नाही.

म्हणून उपग्रह-उतरणीची पहिली गरज मुंबईला नाही. ती आयएलएस न परवडणाऱ्या छोट्या विमानतळांना आणि हेलिपॅडना आहे. आणि मुंबईत उपग्रह कितीही चांगला झाला तरी धावपट्टीच्या टोकाची अँटेना काढून टाकण्याची घाई करू नये. चूक ओळखायला दुसरा साक्षीदार लागतो, आणि तो पहिल्याच्याच शब्दावर विसंबणारा असून चालत नाही.