घरगुती सॅनिटायझर : प्रश्न प्रमाणाचा

मार्च 2020 मध्ये टंचाई झाली तेव्हा भोपाळपासून मुंबईपर्यंत घरोघरी कोरफडीचा गर व स्पिरिट कालवून सॅनिटायझर करण्यात आले. घटक बहुधा योग्य असत. चुके ते प्रमाण. जंतुनाशासाठी अल्कोहोल किमान 60 टक्के हवे. 70 टक्क्यांच्या स्पिरिटचे दोन भाग आणि गराचा एक भाग घेतल्यास ते जेमतेम 47 टक्के उरते. ही शाळेतलीच शेकडेवारी होय. पण हाताला थंडावा व वास जाणवतो, म्हणून शंका येत नाही. निव्वळ अल्कोहोलही कमी पडते, कारण प्रथिनांची घडी मोडण्यास थोडे पाणी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात गर नाहीच. 10 लिटरसाठी 96 टक्के इथेनॉल 8333 मिलीलिटर, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 417, ग्लिसरीन 145 आणि बाकी उकळून थंड केलेले पाणी. यातील पेरॉक्साइड हातांसाठी नसून द्रावणातील जिवाणूंच्या बीजाणूंसाठी असते. त्याकरिता द्रावण 72 तास ठेवून मग वापरावे. रंगकामाचे स्पिरिट मात्र कदापि घेऊ नये, त्यात विषारी मिथेनॉल असू शकते.

बाटलीवर नाव हवेच. 31 जानेवारी 2021 रोजी यवतमाळ जिल्ह्यात 12 बालकांना पोलिओ डोसऐवजी सॅनिटायझर पाजले गेले होते. आणि हात मळलेले वा तेलकट असतील तर साबण-पाणीच लागते.