थंडीत सकाळी कारची रेस वाढते, तो बिघाड नव्हे!

जुन्नर/आंबेगाव : थंडीत पहाटे पेट्रोल कार चालू केली की इंजिन जोरात फिरतं आणि थोड्या वेळाने आपोआप शांत होतं. ‘रेस वाढली’ म्हणून काहीजण गाडी गॅरेजला नेतात. पण हा बिघाड नाही.

सायलेन्सरच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साईड तो कमी करतो. मात्र साधारण २५० ते ३०० अंश तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही. म्हणून गाडीतला कॉम्प्युटर (ईसीयू) रेस वाढवतो आणि प्लगची ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो. पेट्रोल उशिरा जळतं, धूर जास्त गरम निघतो आणि कन्व्हर्टर लवकर तापतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांत गाडीची चाचणी थंड इंजिनापासूनच होते.

काय करावं?

- अ‍ॅक्सिलेटर दाबू नका. अर्ध्या-एक मिनिटाने सावकाश निघा.
- बंद शेडमध्ये गाडी गरम करू नका. कन्व्हर्टर थंड असताना विषारी वायू जास्त निघतो, त्याला वासही नसतो. जीव जाऊ शकतो.
- पीयूसी काढताना इंजिन गरम असू द्या.
- इंजिन तापल्यावरही रेस उतरली नाही किंवा इंजिनाचा दिवा लागला, तर मात्र मेकॅनिककडे जा.