दोन थापा

थापा मारणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. माझी उभी हयात बँकेत गेली आणि त्यातली निम्मी कर्ज मागायला आलेल्यांच्या थापा ऐकण्यात गेली. पण मागच्या हिवाळ्यात मुलीकडे न्यू जर्सीला राहायला गेलो, तेव्हा थापेचा एक अगदी वेगळा प्रकार पाहायला मिळाला.

मुलगी चार वर्षे ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते आहे. हे नाव नीट उच्चारायला मला आठवडा लागला. सौ.ने तो नादच सोडला, ती सरळ 'कराटे' म्हणते. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला किराण्याचे दुकान आणि मध्ये हा गाळा. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या. जाड सुती अंगरखे घातलेली वीस-पंचवीस माणसे. त्यांत दाताचा डॉक्टर, ट्रकचालक, शाळेतल्या बाई आणि कॉलेजची पोरे. जोडीजोडीने हात मिळवायचे, मुठी भिडवायच्या आणि पुढची पाच मिनिटे एकमेकांचा गळा आवळायला किंवा कोपर उलटे करायला बघायचे. डाव पक्का बसला, की सापडलेल्याने तळहाताने समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटायचे. थापा पडल्या, की त्याच क्षणी सोडायचे. नाही सोडले तर कोपर जाते; गळ्याचा डाव असेल तर काही सेकंदांत शुद्ध जाते.

माझे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका गावी गेले. तालमीची लाल माती अंगाला फारशी लागली नाही, पण दारातून पुष्कळ पाहिली. त्यामुळे पहिल्या दिवशी मी बाकावर बसून चुकचुकत होतो. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली, फेटे उडायला सुरुवात. इथे माझी मुलगी आपण होऊन पाठीवर पडली होती आणि दोन्ही पायांनी समोरच्या धिप्पाड बाईला कवटाळून मजेत होती. तिची कुस्ती तिथून सुरू होत होती.

ही विद्या ब्राझीलमध्ये नेली ती मित्सुयो माएदा या जपानी मल्लाने. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत स्थापन केलेल्या कोदोकानचा हा शिष्य देशोदेशी कुस्त्या करत १९१४ साली ब्राझीलला पोचला आणि बेलेम शहरात स्थायिक झाला. तिथे कार्लोस ग्रेसी नावाच्या मुलाने ती उचलली, रिओ दि जानेरोला नेली आणि भावांना शिकवली. धाकटा एलियो अंगाने किरकोळ. ताकदीचे काम युक्तीने कसे करायचे, हे त्याने बसवले, असे घराण्याची कथा सांगते. १९५१ साली माराकानाच्या मैदानात जपानच्या किमुराने याच एलियोचा हात मोडला. एलियोने थापा दिल्याच नाहीत. शेवटी कार्लोसने टॉवेल टाकला. त्या डावाला ग्रेसींच्या परंपरेत आजही 'किमुरा' म्हणतात. ज्याने आपला हात मोडला त्याचे नाव आपल्या शाळेत रोज घ्यायचे, हा मोठेपणा मला आवडला.

पण घरातल्या माणसाशी वागताना तोच मोठेपणा दिसत नाही. वाल्देमार सांताना हा एलियोच्याच आखाड्यातला कृष्णवर्णीय पठ्ठ्या. कशावरून बिनसले, याच्या कथा सांगणाऱ्यागणिक बदलतात. माझ्या अनुभवात अशा भांडणाचे खरे कारण दोघांनाही शेवटी आठवत नाही. १९५५ च्या मे महिन्यात गुरू-शिष्य एकमेकांसमोर उभे राहिले. एलियो एक्केचाळीस वर्षांचा, सांताना पंचविशीतला. लढत साडेतीन तासांच्या वर चालली. गुरू गुडघ्यावर आला असताना शिष्याची लाथ डोक्यात बसली आणि सगळे संपले. मग कार्लोसचा मुलगा कार्लसन घराण्याच्या अब्रूसाठी उतरला आणि पुढच्या वर्षी त्याने सांतानाला हरवले.

त्याच काळात रिओच्या उपनगरात ओस्वाल्दो फादा हा गरिबांच्या मुलांना हीच विद्या शिकवत होता. त्याच्या शिष्यांनी ग्रेसींच्या आखाड्याला आव्हान दिले आणि पायाचे डाव टाकून त्यांना नमवले. त्यावर मोठ्या आखाड्यातून शेरा आला, की हे उपनगरी तंत्र! हरल्यावर समोरच्याचा पत्ता काढायचा, ही रीत आपल्याला नवी नाही.

पुढे याच कार्लसनने एक शिवी रूढ केली. आखाडा सोडून दुसरीकडे जाणाऱ्याला तो 'क्रेओन्ची' म्हणे. हे नाव एका टीव्ही मालिकेतल्या दगलबाज पात्राचे, असे सांगतात. २००० साली त्याचेच नामांकित शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी 'ब्राझिलियन टॉप टीम' काढली, तेव्हा त्याला ती शिवी पुरली नसावी.

हा शब्द मला मुलीकडून कळला, आणि कळायचे कारण चांगले नव्हते. तिच्या वर्गात एक नवा गडी आला होता. कॉलेजात कुस्ती केलेला, ताकदवान. वाईट म्हणता येणार नाही. मला पाहिले की आधी उठून बाकावर जागा करून द्यायचा. पण गादीवर उतरला की त्याला कान नसत. जानेवारीत त्याने मुलीचा हात धरला. तिने दोन थापा दिल्या. मी समोर बसलो होतो, मला त्या ऐकू आल्या. त्याला आल्या नाहीत. क्षणभरच उशिरा सोडले, पण मुलगी तीन आठवडे हात झोळीत घेऊन फिरली.

शिक्षक रिओचे. माणूस मनमिळाऊ, सगळ्यांना 'आपण एक कुटुंब' म्हणणारा. त्यांनी दोघांना उभे करून सांगितले, ''जरा सांभाळून घ्या.'' गड्याने स्पर्धेत पदके आणली होती. वर्गात तट पडले. कोणी म्हणाले, तिने आधीच थापटायला हवे होते. शाळेतल्या बाई यायच्या बंद झाल्या.

''सांभाळून घ्या'' हे वाक्य ऐकून मी बाकावर दचकलो. १९८९ साली एका शाखेत मी आणि तिथले हेड कॅशियर अकरा महिने एकमेकांशी बोलत नव्हतो. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. एकट्याने तिजोरी उघडत नाही. रोज सकाळी शेजारी शेजारी उभे राहून, तोंडे विरुद्ध दिशांना करून आम्ही ती उघडायचो. एका पगाराच्या दिवशी ते मुद्दाम तासभर उशिरा आले. बाहेर पेन्शनर उन्हात उभे. मी साहेबांकडे तक्रार नेली. साहेब चहा ढवळत म्हणाले, ''दोघं जरा सांभाळून घ्या.'' मी बदलीचा अर्ज दिला. माझ्या पाठीमागे मला कोणी पळपुटे म्हटले, कोणी आणखी काही. गोष्ट छोटी, पण ती मी आजवर कुठल्याही कादंबरीत घातलेली नाही.

मुलीला हे सारे सांगितले. ती बर्फाची पिशवी कोपरावर धरून ऐकत होती.

''बाबा, तुम्हाला नंतर वाईट नाही वाटलं?''

''वाटलं. नव्या शाखेत सहा महिने कोणाशी मोकळं बोलता आलं नाही.''

''पण तुमचा हात नव्हता त्यांच्याकडे. नुसती किल्ली होती.''

यावर मी काय बोलणार? ती पुढे म्हणाली, ''मला तो माणूस नकोय असं नाही. त्याच्यासारखे सगळीकडे असतात. पण थाप ऐकली गेली नाही आणि सरांनी ती मोजलीच नाही. आता तिथे कोणालाही हात देताना मी आधी विचार करते. मग शिकणार काय?''

मार्चमध्ये तिने सरांना भेटून सांगितले, की मी गावाच्या पलीकडच्या आखाड्यात जाते. सर 'क्रेओन्ची' म्हणाले नाहीत. हात मिळवला, मान खाली घातली आणि दुसऱ्यांदा विचारले, ''कोपर कसं आहे?'' तिची वर्गातली एक जवळची मैत्रीण मात्र अजून फोन उचलत नाही.

नव्या ठिकाणी अंगरख्यावर जुन्या आखाड्याचे चिन्ह चालत नाही. पाठीवर हातभर कापडी बिल्ला, चारही बाजूंनी दुहेरी शिवण. तिला डाव्या हाताने जमेना, म्हणून मी चष्मा लावून सौ.ची बारकी कात्री घेऊन बसलो. टाका टाका उसवायला दोन संध्याकाळी लागल्या. बिल्ला निघाला, पण त्याखालचे कापड कोरे पांढरे राहिले होते आणि भोवतालचे धुऊन धुऊन पिवळट झालेले, त्यामुळे चौकोन तसाच दिसत होता.

''टाकून देऊ का हा?'' मी बिल्ला दाखवून विचारले.

''नको,'' ती म्हणाली, ''त्या वरच्या खणात ठेवा.''